सेशेल्ससाठी शिडाची बोट ठरवताना: आधी माणसं, मग वारा, बोट शेवटी

दर दोन-चार महिन्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. निळंशार पाणी, पांढरी कॅटामरान (जोड सांगाड्यांची बोट), पुढच्या जाळीवर हातपाय पसरून पडलेली माणसं, आणि खाली प्रश्न: "ही कशी वाटते? टोकन देऊन टाकू का?" मी उलट चार प्रश्न विचारतो. किती जण जाणार? कोणत्या महिन्यात? बोट कोण चालवणार? सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान माणूस किती वर्षांचं? बहुतेकांकडे फक्त पहिल्याचं उत्तर असतं, आणि तेही "आठ-दहा".

चुका इथूनच सुरू होतात. फोटो बघून बोट ठरते, मग तिच्यात माणसं कोंबली जातात, आणि महिना बॉसने रजा दिली तो. खाली क्रम उलटा लावून दिला आहे. उदाहरण सेशेल्सचं घेतलंय, कारण मुंबईहून माहेला (सेशेल्सच्या मुख्य बेटाला) थेट विमान आहे, भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही (ऑनलाइन प्रवास-परवानगी मात्र निघण्यापूर्वी घ्यावीच लागते), बेटं जवळजवळ आहेत आणि आतली बेटं चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. फुकेत किंवा कॅरिबियनला जाणार असाल तर ऋतू आणि अंतरं बदला, क्रम हाच ठेवा.

१. माणसांची यादी करा, आणि प्रत्येकाला झोपवून बघा

कागद घ्या. नावं लिहा, समोर वय, पोहता येतं का, गुडघे कसे आहेत, आणि गाडी किंवा बोट लागते का. "आठ-दहा" हे उत्तर इथे चालत नाही. आठ म्हणजे चार केबिन. दहा म्हणजे वेगळी बोट, वेगळं भाडं.

मग जाहिरातीतला बर्थचा आकडा वाचायला शिका. "४+२ केबिन, १०+२ बर्थ" असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा बारा माणसं मोजतो. त्याचा खरा अर्थ असा: चार डबल केबिन, म्हणजे आठ माणसं. "+२" म्हणजे दोन्ही हलच्या, म्हणजे सांगाड्यांच्या, अगदी पुढच्या टोकात एकेक अरुंद बिछाना, जिथे बहुतेक बोटींवर डेकवरच्या झाकणातून शिडीने उतरावं लागतं. त्या जागा कर्मचाऱ्यांसाठी असतात. एखाद्या सडसडीत कॉलेजकुमाराला तिथे गंमत वाटेल, सासऱ्यांना नाही. शेवटचे "+२" म्हणजे सलूनमधलं (बोटीतल्या बैठकीच्या खोलीतलं) जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गादी टाकायची. त्या गादीवर झोपणाऱ्याला सगळे झोपेपर्यंत झोपता येत नाही आणि सकाळी पहिला चहा होण्याआधी उठावं लागतं.

आमची पहिली ट्रिप इथेच फसली. आम्ही आठ जण होतो, चार केबिन घेतल्या. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, वेगळा धरला होता, तो झोपणार कुठे हे कुणी विचारलंच नाही. करारात बारीक अक्षरांत होतं: स्किपरला स्वतंत्र केबिन देणं ग्राहकाची जबाबदारी. पहिल्याच संध्याकाळी माझा मामा गादी काखोटीला मारून सलूनमध्ये आला, आणि सात रात्री तिथेच घोरला. "मी काय, कुठेही झोपतो रे," असं तो म्हणत होता. मामीचा चेहरा वेगळं सांगत होता.

म्हणून हिशेब असा करा: पाहुण्यांच्या जोड्या, त्यात स्किपरची एक जागा, स्वयंपाकी घेणार असाल तर त्याचीही. पुढच्या टोकातल्या जागा कर्मचाऱ्यांना चालतील का, हे कंपनीकडून लेखी घ्या. सहा प्रौढ आणि स्किपर असतील तर चार डबल केबिनची बोट बरोबर बसते. आठ प्रौढ असतील आणि पुढचे बिछाने स्किपरला मंजूर नसतील, तर पाच-सहा केबिनची बोट बघा किंवा एक जोडी कमी करा.

तपासा: संडास किती? चार केबिनला दोनच संडास असलेली बोटही असते. आठ-नऊ माणसांना सकाळी सात ते आठच्या वेळात दोन संडास कमीच पडतात.

ज्येष्ठ मंडळी असतील तर बोटीचा जिना आणि मागच्या पायऱ्या यांचा फोटो मागवा. काही कॅटामरानवर सुकाणू वरच्या मजल्यावर, फ्लायब्रिजवर असतं. तिथून दिसतं छान, पण चढायचं म्हणजे हलत्या बोटीवर उभा जिना. शिवाय वर गेलेल्यांची एक पार्टी होते आणि खाली राहिलेल्यांची दुसरी.

२. महिना ठरवा, मग वारा बघा

सेशेल्समध्ये ढोबळमानाने दोन वारे. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा व्यापारी वारा: कोरडी हवा, सातत्याने वाहणारा वारा, जुलै-ऑगस्टमध्ये २० नॉट (ताशी सागरी मैल) आणि त्याहून जास्त, समुद्र खवळलेला. डिसेंबर ते मार्च वायव्येचा: वारा हलका, हवा दमट, पावसाच्या जोरदार सरी, डिसेंबर-जानेवारीत त्या जास्त. मधले एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबर हे बदलाचे दिवस; पाणी शांत, नितळ, पण वारा पडलेला.

आता आपल्या सुट्ट्या यावर बसवा. एप्रिलची परीक्षा संपल्यावरची सुट्टी: पोहायला आणि स्नॉर्कलिंगला उत्तम, शीड मात्र कमी फुगेल, बराच वेळ इंजिनावर जाल. दिवाळीची सुट्टी: तेच. नाताळ: पावसाची तयारी ठेवा, आणि भाडं वर्षातलं सगळ्यात चढं. गणपतीच्या आसपास जाणार असाल तर खरं शिडावरचं नौकानयन मिळेल, पण पहिल्यांदाच बोटीवर जाणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन ऑगस्टमध्ये जाऊ नका. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याला माझं मत. वारा भरू लागलेला असतो, समुद्र अजून वैतागलेला नसतो.

महिन्याचा बोटीशी संबंध काय? थेट आहे. वारा पडलेल्या महिन्यात इंजिन, डिझेल आणि सावली महत्त्वाची. जोराच्या वाऱ्यात शिडांची अवस्था, नांगर आणि शीड कमी करायची सोय महत्त्वाची. एकच बोट दोन्ही महिन्यांत तितकीच बरी नसते.

सावध: "आमच्याकडे वर्षभर उत्तम हवा असते" असं जो एजंट सांगतो, त्याला त्या महिन्याच्या वाऱ्याची दिशा विचारा. सांगता आली नाही तर दुसरा एजंट बघा.

३. मार्ग कागदावर मांडा

बहुतेक बोटी माहेच्या पूर्व किनाऱ्यावरून, ईडन आयलंडच्या मरीनामधून निघतात. तिथून प्रालँ बेट साधारण २५ सागरी मैल. शिडाच्या बोटीची सरासरी ५ ते ७ नॉट धरा, म्हणजे चार-पाच तास. प्रालँहून ला दिग बेट पाऊण-एक तास. क्युरियूझ तर प्रालँला लागूनच. सूर्य वर्षभर सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या, बोटींना रात्री प्रवास बहुतेक करारांत मना असतो. चारच्या आत नांगर पडलेला हवा, कारण त्यानंतर ऊन तिरकं होतं आणि पाण्याखालचं प्रवाळ दिसेनासं होतं.

माहे ते प्रालँ ही वाट ईशान्येची. आग्नेयेचा वारा असो की वायव्येचा, जाताना-येताना तो आडवा मिळतो. शिडाच्या बोटीला याहून सोयीचं काय! पण आडव्या वाऱ्याबरोबर आडव्या लाटाही येतात, आणि बोट लागणारी माणसं याच चार तासांत आडवी होतात.

रात्रीचे मुक्काम वाऱ्याप्रमाणे बदलतात. आन्स लाझिओ हा प्रालँचा वायव्येकडचा किनारा. आग्नेयेच्या मोसमात आडोशाचा, वायव्येच्या मोसमात लाटा थेट आत. माहेचा बो व्हॅलाँही तसाच. ला दिगच्या पलीकडच्या अंगाचे ग्रँड आन्स आणि पेतित आन्स आग्नेयेच्या वाऱ्यात पोहायला धोक्याचे. ओढ जबरदस्त असते. आणि ज्या गुळगुळीत शिळांच्या किनाऱ्याचा फोटो बघून तुम्ही ट्रिप ठरवलीत, त्या आन्स सूर्स दार्जांपर्यंत बोट जात नाही. समोर प्रवाळ आणि गुडघाभर पाणी. बोट ला पासला लावायची आणि सायकलने जायचं.

सात रात्रींत माहे, प्रालँ, क्युरियूझ, ला दिग एवढंच ठेवा. रोज बोट हलवायची गरज नाही; ला दिगला दोन रात्री द्याच.

४. बोट कोण चालवणार?

तीन प्रकार. बेअरबोट: फक्त बोट, चालवायची तुम्ही. स्किपरसह: आपल्याकडच्या भाषेत तांडेल त्यांचा, बाकी सगळं तुमचं. पूर्ण कर्मचाऱ्यांसह: जेवणखाणासकट.

बेअरबोटसाठी परवाना आणि अनुभवाचा तपशील मागतात: किती दिवस, किती मैल, कोणत्या लांबीची बोट, तुम्ही स्किपर होता की मदतनीस. आरवायए डे स्किपर, आयवायटी बेअरबोट स्किपर, एएसए १०४ अशी प्रमाणपत्रं सर्वसाधारणपणे चालतात. तुमचं चालेल का हे त्या कंपनीकडून लेखी घ्या. रेडिओ वापरायचं प्रमाणपत्र वेगळं. मुंबईच्या बंदरात छोट्या शिडाच्या होडीवर शर्यती केल्या म्हणजे ४२ फुटी कॅटामरान हाताळता येते असं नाही. साडेसात मीटर रुंद बोट वाऱ्यात धक्क्याला लावणं हे निराळं काम आहे. आणि कंपनीच्या माणसाला तुमचं चालवणं पटलं नाही तर तो तुमच्याच खर्चाने स्किपर चढवू शकतो. करारात तसं कलम असतं.

पहिली ट्रिप असेल तर स्किपर घ्या. स्थानिक स्किपरला कुठल्या रात्री कुठे झोप लागेल हे माहीत असतं.

स्वयंपाकी घेणार असाल तर शाकाहार म्हणजे काय हे फोड करून लिहून द्या. "व्हेजिटेरियन" एवढं लिहून भागत नाही. मासे चालतात असा समज तिथे सहज होतो. अंडं, फिश सॉस, एकाच तव्यावर दोन्ही भाजणं, संकष्टीचा उपास, सगळं आधी सांगा.

५. कॅटामरान की मोनोहल

मोनोहल म्हणजे एकाच सांगाड्याची बोट. इथे फार वेळ घालवू नका. सेशेल्समध्ये, कुटुंबाबरोबर, कॅटामरान. सपाट उभी राहते, पाण्यात कमी बुडते (लगून या कंपनीच्या ४२ फुटी कॅटामरानचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, सव्वा मीटर, त्याच लांबीच्या मोनोहलचा दोनच्या आसपास), केबिन एकमेकींपासून लांब, कुकर आपल्या जागी राहतो.

मोनोहल स्वस्त असते, शिडावर चालवायला जास्त आनंदाची असते, पण आडव्या वाऱ्यात १५-२० अंश कलते. चौघे मित्र, सगळे धडधाकट, एकाला तरी नीट येतंय, तर मोनोहल जरूर घ्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका: कॅटामरानवर बोट लागत नाही असं नाही. ती कलत नाही पण तिचे धक्के तुटक, झटकेबाज असतात, आणि मधल्या भागाखाली लाट आपटली की घण घातल्यासारखा आवाज होतो. औषध डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करा. उलटी व्हायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

सावध: कॅटामरान कलत नाही, त्यामुळे वारा वाढल्याची सूचनाही देत नाही. मोनोहल कलून सांगते, ही गुपचूप ताण सोसते आणि मग काहीतरी तुटतं. म्हणून शीड कमी करण्याचे वाऱ्याचे आकडे बोटीच्या माहितीपुस्तकात दिलेले असतात. बेअरबोट घेणाऱ्याने ते पाठ करावेत.

६. पाणी, वीज आणि गारवा: खरी निवड इथे होते

लोक लांबी आणि गाद्या बघतात. ट्रिपचा विचका मात्र पाण्याने होतो.

हिशेब करून बघू. आठ पाहुणे, स्किपर आणि स्वयंपाकी मिळून दहा. समुद्रात पोहून आल्यावर अंगावरचं मीठ काढायला प्रत्येकाला गोडं पाणी लागतंच. अंघोळ, भांडी, संडास, स्वयंपाक धरून माणशी २५ लिटर काटकसरीचे. म्हणजे दिवसाला २५० लिटर. ४२ फुटी लगूनची टाकी ३०० लिटरची. म्हणजे पहिल्या दिवशी सगळे मजेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या मंडळींच्या तोंडात टूथपेस्टचा फेस असताना पंप कोरडा घरघरायला लागतो. मग त्या दिवसाचा बेत रद्द, पाणी भरायला धक्का गाठा.

यावर उपाय म्हणजे वॉटरमेकर, समुद्राच्या पाण्यातून मीठ काढणारं यंत्र. घरातल्या आरओचाच मोठा भाऊ. तो आहे एवढं ऐकून थांबू नका. पुढचे प्रश्न विचारा:

ताशी किती लिटर? ६० असेल तर २५० लिटरला चार तासांहून जास्त. चालतो कशावर, बॅटरीवर की जनरेटरवर? जनरेटरवर असेल तर रोज चार तास घरघर. शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? नसेल चालला तर तुमचा पर्याय काय?

आणि हे यंत्र मरीनात किंवा बंदरात चालवायचं नसतं. तेलकट, गढूळ पाण्याने त्याचा पडदा खराब होतो. बोट मोकळ्या पाण्यात चालत असताना ते सुरू करायचं. स्किपर हे करतोच, बेअरबोटवाले विसरतात.

आता वीज. बोटीवर फ्रिज, फ्रीझर, दिवे, पंप, उपकरणं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. उष्ण कटिबंधात फ्रिज दिवसभर थांबतच नाही. साध्या एजीएम (शिशाच्या) बॅटऱ्यांची क्षमता लिहिलेली असते त्याच्या निम्मीच वापरायची, नाहीतर त्या लवकर मरतात. ४०० ॲम्पिअर-तास लिहिलं असेल तर हातात २००, आणि दोन फ्रिज व एक फ्रीझर मिळून ते दिवसभरात सहज संपवू शकतात. म्हणून छतावर सोलर पॅनेल किती वॅटचे, बॅटरी लिथियमची की एजीएमची, हे विचारा. घरगुती प्लग जनरेटर, इन्व्हर्टर किंवा धक्क्यावरची वीज असेल तेव्हाच चालतात. दहा जणांचे फोन एकदम चार्ज होणार नाहीत. केबिनमध्ये यूएसबी आहे का ते बघा, पॉवर बँक न्या.

एसी हवाच असा आग्रह घरात होतो. हरकत नाही, पण एसी म्हणजे जनरेटर, जनरेटर म्हणजे आवाज, धूर आणि तासाला दोन-तीन लिटर डिझेल. रात्रभर चालवायला अनेक कंपन्या नाही म्हणतात. आणि नांगरावर बोट तोंड नेहमी वाऱ्याकडे करते, त्यामुळे छतावरची झाकणं उघडी असतील तर वारा थेट बिछान्यावर येतो. आग्नेयेच्या मोसमात पहाटे चादर लागते. डिसेंबरात मात्र सर आली की उठून झाकणं बंद करा, थांबली की उघडा, असं रात्रभर चालतं. त्या दिवसांत एसीचे पैसे वसूल होतात.

तपासा: प्रत्येक केबिनमध्ये उघडणाऱ्या खिडक्या आणि झाकणं किती? बाजूच्या मोठ्या काचा देखण्या असतात, त्यातल्या बऱ्याच उघडतच नाहीत. पंखे आहेत का? माझ्या लेखी दोन चांगले पंखे एका बिघडलेल्या एसीपेक्षा मोलाचे.

७. आता बोट, आणि नेमकी तीच बोट

इथपर्यंत आलात की यादी आपोआप तीन-चार बोटींवर येते. आता फोटो उघडा. ते बहुधा बोट बांधणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातले असतात, त्या मॉडेलच्या नव्याकोऱ्या बोटीचे. तुम्हाला मिळणारी बोट सहा वर्षं दर आठवड्याला भाड्याने गेलेली असू शकते. म्हणून बोटीचं नाव, पाण्यात उतरल्याचं वर्ष आणि तिचेच गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो मागवा. व्हिडिओ मिळाला तर उत्तम: दोन्ही इंजिनांचे तासांचे मीटर, संडास, फ्रिजचं दार, शिडांची शिवण.

वय हा एकमेव निकष नाही. नीट राखलेली आठ वर्षांची बोट तीन वर्षांच्या दुर्लक्षित बोटीपेक्षा बरी. शिडं कधी बदलली, बॅटऱ्या कधी बदलल्या, या दोन उत्तरांवरून राखण कळते.

नांगराची साखळी किती मीटर, हे विचारणारा ग्राहक क्वचित भेटतो. आठ मीटर खोलीत, बोटीच्या पुढच्या टोकाची उंची धरून दहा, त्याच्या पाचपट म्हणजे ५० मीटर साखळी सोडायची. साठ-सत्तर मीटर असेल तर निर्धास्त झोप. चाळीसच असेल तर तुमचे मुक्काम उथळ जागीच, आणि उथळ जागी प्रवाळ असतं. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही; सागरी उद्यानांत जिथे दोरीच्या बोया ठेवल्या आहेत तिथे त्याच वापरायच्या.

डिंगी, बोटीबरोबरची छोटी होडी, म्हणजे तुमची रिक्षा. किनाऱ्यावर जायला दुसरं काही नाही. तिच्यावर किती माणसांची मर्यादा लिहिली आहे ते विचारा. चौघांची असेल आणि तुम्ही आठ असाल तर प्रत्येक वेळी दोन फेऱ्या, जेवायला, परत यायला, अंधारात. निदान सहा माणसांची आणि दहा-पंधरा अश्वशक्तीच्या इंजिनाची मागा.

बाकी सुकाणूवर सावली आहे का, कॉकपिटला (मागच्या उघड्या बैठकीला) पडदे आहेत का, आणि पाण्यातून वर यायची शिडी खोलवर जाते का, एवढं बघा. शिडीची शेवटची पायरी पाण्याच्या पातळीवरच संपत असेल तर पन्नाशीपुढचं माणूस खालून ढकलल्याशिवाय वर येत नाही.

८. करार आणि पैसे

भाड्याच्या आकड्याखाली ओळी ओढा आणि हे लिहा: स्किपरचे रोजचे पैसे, त्याचं जेवण, स्वयंपाकी, डिझेल, डिंगीचं पेट्रोल, सागरी उद्यानांचं शुल्क, चादरी-टॉवेल, शेवटची सफाई, धक्क्याचं भाडं, टिप. जे "समाविष्ट" आहे त्यावर खूण, बाकीच्यासमोर रक्कम. दोन बोटींची तुलना या बेरजेवर करा. पूर्ण कर्मचाऱ्यांच्या बोटींवर खर्चासाठी भाड्याच्या २५ ते ३५ टक्के आगाऊ रक्कम घेतात. उरलेली परत मिळते, पण हिशेब मागा.

डिपॉझिट वेगळं. बेअरबोट कॅटामरानला ते हजारो युरोंत असतं आणि क्रेडिट कार्डावर अडकवतात. ठराविक न परतणारी रक्कम भरून ते कमी करता येतं. मी नेहमी भरतो. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा पुरेल का, हे घरूनच तपासा. शनिवारी दुपारी मरीनाच्या काउंटरवर उभं राहून मुंबईच्या बँकेचं "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकायला मजा येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम: बिघाड झाला तर काय. साधारणपणे बोट ठराविक तासांहून जास्त बंद राहिली तर त्या दिवसांचे पैसे परत देतात. पण त्यापुढची ओळ वाचा. एसी, जनरेटर, वॉटरमेकर यांना पुष्कळ करारांत "आरामाची साधनं" म्हटलेलं असतं आणि ती बंद पडली तर भरपाई नाही असं लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या तीन गोष्टींसाठी तुम्ही जास्त भाडं मोजलंत, त्यांचीच हमी नाही. वॉटरमेकरपुरतं तरी, चालला नाही तर काय देणार, हे ईमेलवर मान्य करून घ्या. बुकिंगआधी कंपन्या ऐकतात, नंतर नाही.

सावध: नेहमीचा प्रवास विमा शिडाची बोट चालवताना झालेली दुखापत धरेलच असं नाही. स्वतः चालवणार असाल तर विमा कंपनीला सरळ विचारा.

खाण्याचं सामान तिथे महाग, बहुतेक बाहेरून आलेलं. पोहे, उपमा, डाळ-तांदूळ, मसाले, मेतकूट घरून न्या, बंद पाकिटांत. फळं, भाज्या, बिया नेऊ नका. त्यावर तिथे कडक तपासणी असते. लहान कुकर न्यायला हरकत नाही.

९. ताबा घेताना

विमान उतरलं त्याच दिवशी बोट घेऊ नका. एक रात्र माहेवर काढा. बोट बहुधा दुपारी मिळते, आणि ताबा देणारा माणूस घाईत असतो, कारण त्याला अजून दोन बोटी द्यायच्या असतात. त्याच्या घाईला आपली घाई बनू देऊ नका. दोन तास लागतात. मंडळींना आइस्क्रीम खायला पाठवा, दोघांनीच थांबा: एक विचारणारा, एक व्हिडिओ घेणारा.

हा क्रम पाळा. आधी दोन्ही इंजिनं सुरू करा आणि मागून थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय का ते बघा. मग नांगर: खाली-वर करून दाखवायला सांगा, आणि विंडलासचा (नांगर ओढणाऱ्या यंत्राचा) फ्यूज किंवा ब्रेकर कुठे आहे ते विचारा, कारण तो उडतोच. शिडं पूर्ण उघडून बघा. नुसती गुंडाळलेली बघून सही करू नका. प्रत्येक संडास पंप करा, प्रत्येक नळ उघडा. वॉटरमेकर मरीनात चालवता येणार नाही, तेव्हा बाहेर पडल्यावर तो चालून पाणी गोडं येईपर्यंत "तपासले" या रकान्यात सही नको. लाइफजॅकेट मोजा, मुलांच्या मापाची वेगळी. अग्निशामक आणि लाइफराफ्टवरच्या तारखा वाचा. डिंगी पाण्यात उतरवून इंजिन सुरू करा, आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी जागेवर आहे ना बघा. शेवटी जुने ओरखडे, डिंगीचा तळ, कडांवरचे टवके, सगळ्यांचे फोटो तारखेसह.

पहिली रात्र लांब जाऊ नका. दुपारी उशिरा ताबा मिळाल्यावर प्रालँची वाट तशीही उजेडात पुरी होत नाही. समोरच सेंट ॲनची बेटं आहेत, तासाभराच्या आत पोहोचता येतं. तिथे दोरीला बोट बांधा, सगळे फ्रिज, पंप, दिवे चालू करा, सगळ्यांना अंघोळी करू द्या, कुकर लावा. काही बिघडायचं असेल तर ते इथेच बिघडू दे. मरीनातला मेकॅनिक डिंगी घेऊन सकाळी नऊला येऊ शकतो.